मुलगा बघण्याचा कार्यक्रम

मुलीला बघायला माणसं घरी येतात. मुलाला बघायला आम्ही जामखेडहून पहाटेची एसटी धरून नगरला गेलो, आणि तेही एका कॉम्प्युटरच्या दुकानात. ही कल्पना उत्तममामांची. मामांना नव्या गोष्टींची भारी हौस. निस्तरायला मात्र दरवेळी दुसरं कुणीतरी लागतं.

मला पंधरा दिवसांपूर्वी बघून गेले होते. मुलगा सचिन, न्यू जर्सीत. सन दोन हजार उजाडलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडतील, या भीतीने तिकडच्या कंपन्यांनी जी पोरं भराभर नेली त्यातला एक. त्याचे आईवडील पुण्यात असतात. ते आले, सोबत आत्या आली, काका आले. मला चालून दाखवायला लावलं. मग डोळे धड आहेत का बघायला वर्तमानपत्र वाचायला दिलं. आठवी-नववीला विज्ञान शिकवते मी, रोज साठ पोरांपुढे घसा ताणते; पण त्या दिवशी पावसाचा अंदाज वाचताना शब्द फुटेना. इतका अपमान मला आयुष्यात वाटला नव्हता. संध्याकाळी त्यांनी पसंती कळवली. डिसेंबरात सचिन बारा दिवसांसाठी येणार, त्यातच लग्न उरकायचं. आमचं उत्तर या रविवारी संध्याकाळपर्यंत हवं होतं.

मी म्हटलं, मलाही मुलगा बघायचाय. फोटो नको. चालताना, बोलताना बघायचाय. फोनवर बोलते म्हटलं, तर मामा म्हणाले, ठरायच्या आदी पोरीनं फोन करनं बरं दिसत न्हाई. मग तोडगाही त्यांनीच काढला. सचिनच्या वडिलांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की मुलाचं इंटरनेटवर स्वतःचं पान आहे, त्यावर त्याची चाळीस सेकंदांची फिल्म आहे, जगात कुणीही बघावी. मामांनी त्या पानाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून आणला आणि रविवारी आमची वरात निघाली.

दुकान दिल्ली दरवाजाजवळ, एका जिन्याखाली. चार कॉम्प्युटर आणि एक फोनलाइन. मालक गोरक्ष, मामांच्या ओळखीतला. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पेढे घेतले होते. ते ती कुणाच्या हातात देणार होती, देव जाणे. आम्ही चौघं एका पडद्यापुढे दाटीवाटीने बसलो.

पान ओळीओळीने उतरत गेलं. निळी पार्श्वभूमी, सचिनचं नाव, कॉलेजचं नाव. मग एक रिकामा चौकोन, त्यात फाटलेल्या चित्राची बारीकशी खूण. गोरक्षने त्यावर दोनदा दाबलं. इंग्रजीत एक सूचना आली. त्याने डोकं खाजवलं.

"ही फिल्म जुन्या फॉरमॅटमधली हाय," तो म्हणाला. "मी मागच्याच आठवड्यात चारी मशिनवर नवा ब्राउझर टाकला. त्यानं जुन्या फिल्मचा सपोर्ट काढून टाकलाय."

"ब्राउझर म्हंजे काय?" अण्णांनी विचारलं.

"इंटरनेटची पानं दाखवणारा प्रोग्राम, अण्णा."

"मग पान तर दिसतंय. त्यातला मानूस का दिसंना?"

"कंपनीनं ठरवलं, जुनं आता चालवायचं न्हाई."

"कुनाला इचारून?"

गोरक्ष पुन्हा त्या चौकोनावर दाबत बसला. अण्णांचा प्रश्न मला एकदम पटला. कुठल्या देशात कुणीतरी ठरवतं की हे आता जुनं, आणि इथे माझ्या आयुष्याचा एकुलता एक चौकोन रिकामा राहतो.

"जुना ब्राउझर परत टाका ना," मी म्हटलं.

"त्याची सीडी ज्याची त्याला दिली ताई. पण एक छोटं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं तर चालंल फिल्म."

त्याने उतरवायला लावलं. पडद्यावर आलं, बाकी वेळ एक तास पन्नास मिनिटं. आम्ही चहा प्यायलो. निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ती अर्ध्याच्या जरा पुढे गेली आणि वरच्या मजल्यावर जागेच्या मालकीणबाईंनी त्याच लाइनवरचा फोन उचलला. लाइन तुटली. गोरक्ष जिना चढून सांगून आला, पुन्हा पहिल्यापासून लावलं. वीस मिनिटांनी बाईंच्या सुनेने उचलला. मला तो कॉम्प्युटर उचलून रस्त्यावर फेकावासा वाटला.

"फोटोत तर झ्याक दिसतोय की," मामा म्हणाले. "फिल्म जुनी झाली म्हनून पोरगा जुना हुतोय व्हय?"

"मामा, मला त्याचा आवाजसुद्धा माहीत नाही."

"लगीन झाल्यावर ऐकायचाच हाय जलमभर."

तेवढ्यात गोरक्षला पानाच्या तळाशी सचिनचा ईमेलचा पत्ता दिसला. म्हणाला, यावर लिहिलं आणि तिकडचा माणूस जागा असेल तर पाच मिनिटांत उत्तर येतं. तिकडे शनिवारची मध्यरात्र उलटून गेली होती, पण अण्णा म्हणाले, लिहून तर बघ. मामांनी नाक मुरडलं. गोरक्षच्या खात्यातून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: मी जयमाला. तुमची फिल्म इथल्या नव्या ब्राउझरवर उघडत नाही. नव्या फॉरमॅटमध्ये टाकता येईल का? आज उत्तर द्यायचंय, त्याआधी तुम्हाला बोलताना ऐकावं असं वाटतं.

पंधराव्या मिनिटाला उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं.

"हाय जयमाला. ती फाईल जुनी आहे, आता नव्या ब्राउझरवर चालत नाही, मला माहीत आहे. बदलायला अर्धा तास जाईल आणि सध्या खूप बिझी आहे. आईबाबांनी तुला बघितलंय. मी फोटोवरच हो म्हटलं, तू एवढं काय बघतेस? डिसेंबरात भेटूच."

इतका वेळ मी ब्राउझरला शिव्या घालत होते, कंपनीला, वरच्या मालकीणबाईंना. आणि फिल्म उघडत नाही हे ज्याची फिल्म त्याला ठाऊक होतं. आमचा प्रवास फुकट जाणार, हेही त्याला ठाऊक असू शकलं असतं, त्याने विचारलं असतं तर.

"कामाचा मानूस हाय," मामा घाईने म्हणाले. "तिकडं लई लोड असतो."

"किती येळ लागतो म्हनला?" अण्णांनी विचारलं.

"अर्धा तास."

सकाळपासून एक शब्द न बोललेली आई मग म्हणाली, "जयू, तुला काय वाटतं?"

पंधरा दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आधी पाहुण्यांनी बघितलं, मग त्यांनी ठरवलं, मग मामांनी तारीख काढली. मला रडू आलं, आणि रडत रडतच मी खुर्ची पुढे ओढून लिहायला लागले. इंग्रजी अक्षरांत, सावकाश, एकेक बोटाने: माझा नकार आहे. कृपया तुमच्या आईवडिलांना तुम्हीच सांगा.

मामांनी माझं मनगट धरलं. "अगं येडी का काय! अमेरिका हाय ती!"

"उत्तमराव," अण्णा म्हणाले, "हात सोडा तिचा."

मामांनी हात काढला. गोरक्षने माउसवर बोट ठेवून विचारलं, "पाठवू का ताई?"

"तुम्ही नको," मी म्हटलं. "मी पाठवते."