ताज्या डबीतलं म्हातारं डांबर

रस्ता दहा वर्षांनी कसा होईल हे पाहायला दहा वर्षं थांबण्याइतकी सवड कुणाला असते? म्हणून प्रयोगशाळेत डांबराला लवकर म्हातारं करतात. ओव्हनमध्ये भाजायचं, मग दाबाखाली गरम हवेत ठेवायचं. एरवी वर्षानुवर्षं ऊन खाऊन जे कडक झालं असतं, ते चार दिवसांत कडक होतं. डांबर प्लांटच्या आवारातल्या प्रयोगशाळेत हे काम ती करायची, आणि सगळे तिला वहिनी म्हणायचे, कारण समोरच्या केबिनमध्ये बसून प्लांट चालवणारा तिचा नवरा होता.

मोठ्या रस्त्याचं काम संपत आलं होतं. तो खुला करण्याआधी तयार मालातलं, म्हणजे खडी-डांबराच्या गरम मिश्रणातलं, डांबर एकदा तपासायचं होतं. चाचणी किचकट, त्यामुळे ती रोज कुणी करत नसे. तिने ट्रकमधून आणलेल्या ताज्या मालातलं डांबर खडीपासून वेगळं केलं, डबीत ओतलं, निवू दिलं आणि सुईखाली ठेवलं. सुई जितकी रुतेल तितकं डांबर मऊ. सुई टेकली आणि जेमतेम रुतून थांबली.

डब्यांची अदलाबदल झाली असणार, असं तिला वाटलं. शेजारीच भाजलेल्या डांबराच्या डब्या होत्या. ती स्वतःवरच चरफडली, नवा माल आणला आणि सगळं पहिल्यापासून केलं. सुई पुन्हा तिथेच थांबली.

म्हणजे डबी बरोबर होती. उद्या ज्याच्यावरून गाड्या धावायच्या तो रस्ता जन्मतःच म्हातारा होता. पहिल्या कडक थंडीत तो तडकणार, आणि तडे गेले की खड्डे काही वाट पाहत बसत नाहीत.

डांबर असं एकाएकी म्हातारं होतं ते जादा जाळाने. पण इथे जाळ जादा होईलच कसा? खडी आणि डांबर तापवून मिसळणाऱ्या ड्रमच्या तोंडावरचा तापमानाचा काटा केव्हाच बिघडला होता, हे खरं. तो कुणी दुरुस्त केला नाही, कारण तिचा नवरा होता. मालाची वाफ हुंगून तो तापमान सांगायचा. लोक पैजा लावून थर्मामीटर खुपसायचे आणि पैज हरायचे. त्याचं नावच पडलं होतं नाकोबा. कामात तो नाकावर माशी बसू द्यायचा नाही, आणि तिला त्याचा केवढा अभिमान! साहेब तर म्हणायचे, काटा हवाय कशाला, आपल्याकडे नाकोबा आहे.

ती थर्मामीटर घेऊन भरलेल्या ट्रकवर चढली. मालातून निळसर धूर निघत होता. पारा एकशेसाठ अंशांच्या आसपास थांबायला हवा होता. तो दोनशेला जाऊन टेकला.

"हल्ली माल झकास येतो बरं का, वहिनी," रस्त्यावर माल पसरणाऱ्या टोळीचा मुकादम खालून म्हणाला. "फावडं लावायचा अवकाश, पसरलाच."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"झाले की बरेच महिने. निळा धूर बघून एकदा विचारणार होतो. पण म्हटलं, नाकोबाला आपण काय शिकवायचं!"

तिने घमेल्यात थोडा माल घेतला आणि तशीच केबिनमध्ये शिरली. नाकातोंडावर रुमाल बांधला होता, तरी घसा जळत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो, हे जरा हुंगा."

"आज माझी परीक्षा घ्यायची हुक्की आली वाटतं?" तो हसला. डोळे मिटून त्याने दीर्घ श्वास घेतला. "एकशेसाठ. फार तर बासष्ट. एक नंबर माल!"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. तो आता हसेल, कशी फसवली म्हणेल, म्हणून ती थांबली. तो हसला नाही. तिने थर्मामीटर त्याच्यासमोर धरला, तसा त्याचा चेहरा उतरला.

"तुम्हाला वास येत नाही?"

तो थर्मामीटर तिच्या हातातून घेऊन पुसू लागला.

"अहो, मी काय विचारतेय?"

"मागच्या हिवाळ्यात ती सर्दी झाली होती ना," तो हळूच म्हणाला. "सर्दी गेली, वास काही परत आला नाही. आज येईल, उद्या येईल, असं करत राहिलो."

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"काय बोलू? नाकोबाचं नाक गेलं म्हणून? मुकादम म्हणाला माल घट्ट येतोय, की जाळ वाढवायचो. मग त्याची तक्रार बंद झाली. मला वाटलं, जमलं."

तिला एकदम भलतंच काही आठवलं.

"मग रोज जेवायला बसलात की 'काय घमघमाट सुटलाय' म्हणता, ते?"

"तुझ्या तोंडाकडे बघून सांगायचो. मनासारखं झालं असलं की तुझा चेहरा खुलतो."

तिला त्या रस्त्यापेक्षाही याचा धक्का मोठा बसला. सुई केसभर कमी रुतली तर तिला कळायचं, आणि रोज समोर बसून जेवणारा माणूस कळला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रडावं की घमेलं त्याच्या डोक्यात घालावं, तिला सुचेना.

"हे बघ," तो अजिजीने म्हणाला, "मी आजच काटा बसवून घेतो. यापुढचा माल चोख देतो. झालं ते आपल्या दोघांत राहू दे. ही नोकरी गेली तर मला दुसरीकडे कोण उभं करेल?"

तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते. "शेवटचा ट्रक कुठे अडकलाय? उद्या रस्ता खुला करायचाय!" त्यांचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

नाकोबाने फोन कानाला धरून तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला चेहरा फिरवता आला असता. तिने फिरवला नाही.

त्याने हात लांब करून ड्रम तापवणाऱ्या बर्नरचं बटण बंद केलं.

"साहेब, रस्ता खुला करू नका. हिवाळ्यापासूनचा सगळा माल मी जाळलाय. मला वास येत नाही."

पलीकडे साहेब खो खो हसले. "नाकोबा, थट्टा पुरे. ट्रक पाठव."

त्याने तेच शब्द पुन्हा म्हटले. या वेळी साहेब हसले नाहीत.