तटाच्या आतली माणसं

चर्चमधल्या रविवारच्या शाळेत बाहुल्यांचा खेळ व्हायचा आणि त्यात देवाचा आवाज कायम दोघी बहिणींतल्या थोरलीचा असायचा. आवाज होताच तसा: भरदार, थोडा नाकातून, उशिरा येणाऱ्याला दारातच खिळवणारा. संवादही तीच लिहायची. बाहुल्या मात्र धाकटी शिवायची आणि खेळ संपला की पोरं, त्यांच्या आया, झाडून सगळे धाकटीभोवती गोळा व्हायचे. "अगं, मोशेची दाढी कशाची केलीस?" देवाला कुणी काही विचारत नसे. देवाला त्याची सवय असेल, थोरलीला नव्हती.

यंदा बायबलातल्या यरीहो शहराची गोष्ट होती. सेनापती यहोशवाची माणसं शहराला फेऱ्या घालतात, कर्णे वाजतात, तट कोसळतो आणि देवाच्या आज्ञेवरून आतले सगळे, बायका-पोरं-म्हातारी-गुरांसकट, कापले जातात. आजवर तट पडला की टाळ्या आणि पडदा. या खेपेला धाकटीनं तटाच्या आतली माणसंही शिवली. बुटांच्या खोक्यांच्या तटामागे कपडे वाळत घालणारी बाई, बिनदातांचा म्हातारा आणि बोटाएवढं तान्हं बाळ. सरावाला आलेल्यांनी यहोशवाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून. तिनं चर्चच्या बैठकीत विषय काढला. "आज्ञा आहे तशी पुरी दाखवायची. शास्त्राला कात्री लावायला आपण काय शिंपी आहोत?" कोपरखळी कुणाला होती ते सगळ्यांना कळलं.

"अहो, जुन्या काळी लढाया फुगवूनच लिहीत," वकीलकाका म्हणाले. "पोरांसमोर कत्तल कशाला?"

"मग तटही फुगवलेलाच म्हणा. आणि कर्णेही."

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "ज्यानं जीव दिला त्यानं तो परत मागितला, तर त्याला अन्याय म्हणता येत नाही. मात्र..." 'मात्र'च्या पुढे ते उभ्या नोकरीत कधी गेले नव्हते.

"त्याला हवा तर त्यानं न्यावा," धाकटी म्हणाली. "माणसाच्या हाती तलवार कशाला द्यायची? आणि त्या बाळानं काय केलं होतं, ताई?"

"मोठं होऊन केलं असतं," थोरली म्हणाली. बोलताना ती बाळाकडे बघत नव्हती, बहिणीकडे बघत होती.

आज्ञा पुरी दाखवायची, असं ठरलं.

खेळाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. तट पडला. थोरलीनं माइक ओढला आणि देवाच्या आवाजात फर्मावलं, "एकालाही जिवंत ठेवू नका!"

पडद्यामागे बसलेल्या धाकटीच्या उजव्या हातात यहोशवा होता आणि डाव्या हातात यरीहो. उजव्यानं डाव्याला मारायला सुरुवात केली. बाई पडली. म्हातारा पडला. सभागृहात खुर्चीसुद्धा वाजेना. बाळ उरलं, तशी धाकटीनं मान वर केली आणि हळूच विचारलं, "ताई, हे देवाचं म्हणणं की तुझं?"

थोरलीच्या बाजूनं शास्त्र होतं, पाळकसाहेब होते, बैठक होती. अडचण एवढीच, की त्या क्षणी तिला देव काही केल्या आठवेना. आठवत होता तो धाकटीभोवतीचा घोळका.

"थांब," ती म्हणाली. माइक चालूच होता, पण आवाज देवाचा लागला नाही, घरातला लागला. "राहू दे त्याला."

पडदा पडताच पाळकसाहेब मागे आले. "हे 'थांब' कुठल्या अध्यायातलं?"

"कुठल्याच नाही."

"मग म्हणालात कशा?"

"आज्ञा माझीच होती, साहेब. म्हणून मागे घेता आली."

पाळकसाहेब 'मात्र' म्हणाले आणि थांबले.

बाहेर धाकटीला लोकांनी घेरलं होतं. "काय जिवंत केलंस गं बाळ! देवालासुद्धा पाझर फुटला!"

"अहो, ते ताईमुळे वाचलं," धाकटी कळवळून सांगत होती. कुणी मान वळवली नाही. बाळ या हातातून त्या हातात फिरत होतं.

थोरली माइकची वायर गुंडाळत उभी होती. तिला वाटलं, तेव्हाच त्या बाळालाही उरकून टाकायला हवं होतं.