मला ओढून काय बघता?

मी एक नडगी बोलतेय. हाडामांसाची नव्हे, काळ्या कार्बनच्या कापडाची. पदरावर पदर, मधे चिकट राळ आणि वरून भट्टीची धग, अशी माझी घडण. पदर एकमेकांना धरून असतात तोवर मी कुणाचाही भार पेलते. ही फुशारकी नाही. मोडल्यापासून लोक मला नाही नाही ते बोलतायत, म्हणून सांगावं लागतंय.

माझी मालकीण केस कापते. अपघातात तिचा पाय गेला, पण दुकान तिनं सोडलं नाही. दिवसभर माझ्यावर उभी राहून कात्री चालवायची आणि गिऱ्हाइकांची चेष्टाही करायची. आमचं दोघींचं छान जमलं होतं.

एका सकाळी मला काढून ठेवून ती अंघोळीला गेली होती. तिच्या नवऱ्याला कपाट सरकवायचं होतं. घरात पहार नव्हती, तर या गृहस्थानं मलाच कपाटाखाली घातलं! कपाट निसटलं आणि त्याचा कोपरा माझ्या मध्यावर आदळला. आतले पदर सुटले, वर ओरखडाही नाही. त्यानं मला उलटसुलट पाहिलं, फडक्यानं पुसलं आणि जागच्या जागी ठेवलं. तोंडातून अवाक्षर नाही.

पाऊल टाकलं की बारीक कचकच ऐकू येते, असं ती म्हणू लागली. भास होतोय तुला, असं तो म्हणाला. सगळं ठाऊक असून!

शेवटी ती मला घेऊन पाय बनवणाऱ्या कारागिराकडे गेली. त्यानं माझी दोन्ही टोकं धरून जीव खाऊन ओढलं आणि काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. अहो शहाणे, मला ओढून काय बघता? ओढल्यावर सुटलेले पदरही मुकाट ताण पेलतात. माझ्यावर माणूस उभं राहतं! वरून दाब आला की एकटा पडलेला पातळ पदर बाहेर फुगतो, वाकतो आणि शेजारच्यालाही सोडवतो. प्रत्येक पावलाला माझ्या पोटातली फट वाढत होती.

दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी मोडले. ती उजव्या हातावर पडली. मनगटाचा चुरा झाला. आता त्या हातात कात्री धरवत नाही.

कारागिरानं मला उभं चिरलं. फटीत मळ साचला होता. हा मार जुना आहे, असं तो खाली मान घालून म्हणाला. तिनं सोबत आलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"कपाट पडलं होतं," तो म्हणाला. "वर काही दिसत नव्हतं, म्हणून बोललो नाही."

"मी रोज विचारत होते," ती म्हणाली.



माझं संपलं, त्याचं दुःख नाही. संताप आहे तो तिच्या हाताचा. आमच्यासारख्यांना मार लागला तर पुसून ठेवू नका, जिला उभं राहायचंय तिला सांगा. भास होतोय म्हणालात, त्याच शब्दाच्या भरवशावर ती पायरी उतरली.