परीक्षकबाईंचा शेरा

घारीनं मनगट धरलं तेव्हा बाई दचकली नाही. उलट म्हणाली, "शाब्बास."

"काय शाब्बास?"

"पकड चांगली आहे. फक्त अंगठा खाली घे. वर ठेवलास की माणूस हिसका देऊन सुटतो."

घारीनं अंगठा खाली घेतला. मग आपण चोराचं ऐकतोय हे लक्षात आल्यावर पुन्हा वर घेतला. शाम्पूच्या फळ्यांपुढे उभ्या असलेल्या एका जोडप्यानं, दोन मैत्रिणी भेटल्या असाव्यात अशा समजुतीनं, त्यांना वाट करून दिली.

बाईच्या पिशवीत ब्लेडचं पाकीट होतं, महागातल्या क्रीमची डबी होती आणि घडी घातलेला स्कार्फ होता. तिन्ही वस्तू दुकानातल्या. पावती एकीचीही नाही.

"मी परीक्षक आहे," बाई म्हणाली.

"असाल की. या आठवड्यातल्या तुम्ही चौथ्या."

यात खोटं काही नव्हतं. महिन्याच्या सुरुवातीला मुख्य कार्यालयाचं पत्र आलं होतं. चोऱ्या रोखण्याची तयारी तपासायला कंपनीचा परीक्षक साध्या गिऱ्हाइकासारखा येईल, चोरी करून पाहील, पकडला गेला तर शाखा पास, निसटला तर नापास. ही बाब अत्यंत गुप्त ठेवावी. मॅनेजरसाहेबांनी ते पत्र कर्मचाऱ्यांना दिसावं म्हणून मागच्या दाराच्या काचेवर चिकटवलं. काच दोन्हीकडून काच असते हे त्यांच्या लक्षात चार दिवसांनी आलं. तोपर्यंत रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते पाठ केलं होतं. त्यानंतर जो पकडला जाई तो परीक्षकच निघे. एकाला तर साहेबांनी चहा पाजला, त्याच्याकडून अभिप्राय लिहून घेतला आणि त्यानं उचललेल्या इस्त्रीसकट दारापर्यंत सोडलं. तो परीक्षक नव्हता. अभिप्राय मात्र चांगला होता.

घार हे नावही काही कौतुकानं पडलेलं नव्हतं. दुकानात नजर ठेवण्याच्या कामावर लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांच्या स्वतःच्या चष्म्याच्या डबीसकट पकडलं होतं. तेव्हापासून कॅशियर रोज सकाळी विचारी, "काय गं घार, आज कुणाचा चष्मा?"

सहा महिन्यांची उमेदवारी या शनिवारी संपत होती. शाखा याआधी दोनदा नापास झाली होती. या वेळी पास झाली तर घार कायम होणार, नाहीतर तिच्या जागी कॅमेरा बसणार, असं साहेबांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. घरात दुसऱ्या कुणाला नोकरी नव्हती. नवरा 'बघू' या खात्यात गेली दोन वर्षं कामाला होता. सासूबाईंना या कामाचं हसू येई. साखरेचा डबा उघडून बंद केला की त्या दोन्ही हात वर करून तिला दाखवत. पण परवा त्यांनीच हळूच विचारलं होतं, "शनिवारी कळेल ना गं?"

केबिनमध्ये साहेबांनी तिन्ही वस्तू टेबलावर ओळीनं मांडल्या. बाईनं पिशवीतून एक पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. साहेबांनी ते उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, शिक्क्यावरून बोट फिरवून बोटाचा वासही घेतला.

"इस्त्रीवाल्याकडेही पत्र होतं," घार म्हणाली.

"त्याचा शिक्का गोल होता. हा चौकोनी आहे."

"मग खरा कुठला?"

साहेबांनी या प्रश्नावर विचार केला आणि फोन उचलला. भिंतीवर मुख्य कार्यालयाचा नंबर लिहिलेला होता. तोच त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं म्हणत फिरवला. पलीकडच्या ऑपरेटरनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परीक्षण विभागाला जोडून देते, लाइनवर राहा."

साहेब लाइनवर राहिले. तेवढ्यात बाईच्या पिशवीत फोन वाजू लागला.

तिघांनी पिशवीकडे पाहिलं.

"घेऊ का?" बाईनं विचारलं.

"घ्या की," साहेब म्हणाले. "आमचं अजून लागतंय."

बाईनं फोन कानाला लावला. "हॅलो, परीक्षण विभाग."

"हां, हॅलो," साहेब रिसीव्हरमध्ये म्हणाले. "लागला एकदाचा. मॅडम, आमच्या शाखेत एक बाई पकडल्यात. त्या म्हणतात, त्या परीक्षक आहेत."

"दिसायला कशा आहेत?"

साहेबांनी समोर बसलेल्या बाईला नीट न्याहाळलं. "चष्मा आहे. करड्या रंगाचा स्वेटर. वय..." त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, "वय काय सांगू?"

"चोपन्न," बाई म्हणाली.

"चोपन्न म्हणतात."

"हो, त्या आमच्याच. त्यांना सहकार्य करा."

"करतो मॅडम. थँक्यू." साहेबांनी फोन ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. "चला, खात्री झाली."

घारीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. "साहेब, त्या इथंच बसल्यात."

"मग? फोन मुख्य कार्यालयानं जोडून दिला ना? की तोही मीच जोडला?"

नंबर भिंतीवरचा होता, ऑपरेटर खरी होती, आणि तिनं ज्या विभागाला जोडून दिलं तो विभाग समोर बसून चष्मा पुसत होता.

"पूर्वी आम्ही नऊ जण होतो," बाई म्हणाली. "एकेक करून कमी केले. आता मी आणि हा फोन."

साहेबांनी चहा मागवला. या वेळी निर्धास्तपणे. बाईनं एक फॉर्म काढून शांतपणे भरला. वस्तू: तीन. पकडले: हो. वागणूक: ठीक. वस्तू परत मिळाल्या: हो. साहेब मान वाकडी करून एकेक ओळ वाचत होते आणि प्रत्येक 'हो'ला घारीकडे बघून हसत होते. शेवटचा रकाना तिनं कोरा ठेवला.

"शेरा राहिला मॅडम."

"तो दुकानाबाहेर पाऊल टाकताना लिहायचा. नियम आहे. कारण शेऱ्यावरच सगळं असतं."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "घार, मॅडमना दारापर्यंत सोड." त्या नावात आज पहिल्यांदाच टोमणा नव्हता.

केबिनपासून दारापर्यंत वीसेक पावलं होती. मधे टॉवेल, मग झाडू, मग कंगवे आणि नेलकटर अडकवलेला फिरता स्टँड. घार बाईच्या शेजारून चालली. सासूबाईंना आधी सांगावं की नवऱ्याला, याचा ती विचार करत होती. कॅशियरनं काउंटरवरून भुवया उडवल्या. घारीनं मान हलवली. कॅशियरनं गिऱ्हाइकाची पावती हातातच ठेवून टाळी वाजवली.

बाईनं दारात पाऊल टाकलं आणि टॅग ओळखणारं मशीन कोकललं.

"अगं बाई," कॅशियर ओरडली, "आता मशीनपण परीक्षा घेतंय का?"

बाई जागच्या जागी थांबली. पिशवीतला दुकानाचा सगळा माल केबिनमध्ये काढलेला घारीनं स्वतः पाहिला होता. आता त्या पिशवीत फोन, फॉर्म आणि पेन याखेरीज काही असायचं कारण नव्हतं. पण बाईची उजवी मूठ बंद होती. घार जवळ गेली. बाईनं मूठ उघडली. आत एक नेलकटर होतं. साधं, पुठ्ठ्यावर बसवलेलं, दुकानातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक.

वीस पावलं घार तिच्या खांद्याला खांदा लावून चालली होती आणि तिला काही दिसलं नव्हतं.

"हे परीक्षेतलं आहे का?" तिनं हळू आवाजात विचारलं.

बाई नेलकटरकडे असं बघत होती, जणू तेही तिला कुणीतरी जोडून दिलं होतं. "हल्ली मलाच कळत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कामाचं जे उचलते ते रोज परत करून येते. एवढं चोरून घरी जाताना हात रिकामे. कसंतरी होतं." ती थांबली. "घरी एक डबाभर आहेत. नखं तर वीसच असतात माणसाला."

घारीला हसू आलं. मग तिनं मनात हिशेब मांडला. ही परीक्षाच असेल आणि आपण सोडलं, तर शाखा नापास. परीक्षा नसेल आणि आपण ओरडलो, तर विभागात राहिलेली ही एकटी बाई घरी जाणार. आणि जिचा शेरा लिहून व्हायचाय, तिलाच आपण चोर ठरवणार. आणि समजा परीक्षा असली, पण चोराची नसली, तर? तिनं बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सहा महिने ती चेहरेच वाचत होती. या चेहऱ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

"काय झालं गं?" आतून साहेबांनी हाक मारली. ते केबिनच्या दारात आले होते. "काय वाजलं?"

बाईनं डोळ्यांनी खुणावलंही नाही. हात तसाच उघडा ठेवून ती उभी राहिली.

"काही नाही साहेब," घार म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचातरी वाटला. "माझ्याच खिशात टॅग राहिला होता. मघाशी काढलेला."

"हात्तिच्या," साहेब म्हणाले आणि आत गेले.

घारीनं बाईची बोटं एकेक करून नेलकटरवर मिटवली. "जा मावशी," ती म्हणाली. "लवकर जा."

बाईनं तिच्याकडे पाहिलं. मग बाई दाराबाहेर गेली. मशीन पुन्हा एकदा कोकललं आणि गप्प झालं. बाहेरच्या कठड्यावर फॉर्म टेकवून तिनं शेरा लिहायला घेतला. दोन शब्द लिहिले. थांबली. पुढचा भाग मात्र ती भराभर लिहीत गेली, रकाना संपल्यावर समासातही लिहिलं. घारीला काचेतून फक्त पेनाचं टोक हलताना दिसत होतं. तिला राहवलं नाही, ती बाहेर आली.

"काय लिहिलंत?"

"शनिवारी कळेल." बाईनं फॉर्मची चौपदरी घडी घातली आणि हात पुढे केला. "येते."

घारीनं हात हातात घेतला. बाईचा तळवा कोमट होता. तो सुटला आणि बाई वळून फुटपाथवरच्या गर्दीत चालू लागली, घाई न करता, कुठल्याही गिऱ्हाइकासारखी. मग घारीच्या ध्यानात आलं की आपल्या तळहातावर पुठ्ठ्याचा कोपरा टोचतोय.

ती आत आली. मशीन वाजलं नाही, ते आत येणाऱ्यांसाठी वाजत नसे. साहेब पुन्हा केबिनच्या दारात उभे होते, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर हसू.

"गेल्या?"

"गेल्या."

"मग? पास ना आपण?"

कॅशियर मान उंचावून बघत होती. रांगेतली दोन गिऱ्हाइकंही, काय ते कळायला हवं म्हणून, थांबून बघत होती.

घारीनं मूठ उघडली नाही.