चष्मा घरीच राह्यला

पेटी घेऊन लोकांना हसवणारा रणधीर पेटीवाले पुण्यात येणार म्हटल्यावर ऑफिसातल्या आम्ही चौघींनी लगेच तिकिटं काढली. मोबाइलवर त्याला कितीदा तरी पाहिलं होतं, पण समोर बसून पाहणं वेगळंच. लोकांनी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीला तो जागच्या जागी चाल लावायचा. कुणाच्या तरी सोसायटीची पाणीकपातीची नोटीस त्याने अशी काही आळवली, की हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तो म्हणाला, "आता तुमच्या गावाकडची अशी चाल सांगा, जी कुठल्याच फोनात सापडणार नाही."

माझा हात वर गेला. मला कुणी ढकललं नव्हतं, हे आधीच सांगते.

आमच्या येरमाळ्यात मयतीला बायका हेल काढून रडतात. गेलेल्या माणसाला हाक मारायची, त्याच्याशी बोलायचं, आणि ते सगळं सुरात. त्यात माझी दगडाबाई आत्या एक नंबर. गल्लीत कुणी गेलं की आधी तिला बोलावणं. ती रडायला लागली की बाकीच्यांच्या घशात अडकलेलं मोकळं व्हायचं. गेल्या वर्षी आजोबा गेले तेव्हा ती जशी रडली होती, तस्सं मी माइकवर करून दाखवलं, नाक ओढण्यासकट.

"आबाऽऽ, चष्मा घरीच राह्यला वो माझ्या बापाऽऽ, तिकडं पेपर कसा वाचताल वोऽऽ!"

नाट्यगृह हसून लोटपोट. पेटीवाल्याने सूर पकडला, ठेका धरला आणि 'चष्मा घरीच राह्यला' हे सगळ्यांकडून टाळ्यांवर म्हणून घेतलं. मला काय वाटलं? आनंद झाला. खूप आनंद झाला. चष्मा आजोबांचा, रडणं आत्याचं आणि टाळ्या मला.

पेटीवाल्याने त्याचा व्हिडिओ टाकला आणि आठवडाभरात तो येरमाळ्यात घरोघरी पोचला. मी स्वतःची समजूत घातली, की मी आत्याचं नाव थोडंच घेतलं होतं? शिवाय तिच्याकडे साधा बटणांचा फोन. तरी मनात डाचत होतंच. चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला गावी गेले, ती माफी मागायची असं ठरवूनच. आत्याने मला समोर बसवून गरम भाकरी वाढली, वर शेंगाचटणी घातली आणि विचारलं, "पुण्यात गाणं म्हणतीस म्हणं?"

"आत्या, ते आपलं गमतीत..."

"व्हय की. खा तू."

मी माफी भाकरीबरोबर गिळून टाकली. तिने एवढ्यावर सोडलंय, तर आपण कशाला उकरून काढा, असा विचार केला. असले सोयीचे विचार मला पटकन सुचतात.

पावसाळा सरता सरता उत्तरेश्वर काका गेले. आत्याच्या पाठचा भाऊ. हायवेवरच्या त्यांच्या पंक्चरच्या दुकानातच छातीत कळ आली आणि सगळं संपलं. मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. तारामती काकू उशाशी थिजून बसली होती, डोळ्यांत टिपूस नव्हता. बायका आत्याची वाट बघत होत्या. आत्या आली, भावाच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिने सूर लावला.

"उत्तरेश्वराऽऽ, चप्पल दुकानातच राह्यली रं माझ्या भावाऽऽ..."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. भावकीतली एक सून होती. तिने लगेच पदर तोंडात कोंबला, बिचारीला हसायचं नव्हतं. पण तो ठेका सगळ्यांच्याच कानात बसला होता. दुसरीचेही खांदे हलले. आणि मी खाली बघितलं, तर माझंच बोट मांडीवर ताल धरत होतं.

आत्या थांबली. पदर सारखा केला आणि हात मागे घेतला.

काकूने तिचा हात धरला. "वन्सं, रडा की वो. तुमी हाक मारल्याबिगर मला रडूच येईना झालंय. आता नेतेल त्यास्नी."

आत्याने मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"हर्षे, तू म्हण. तुझ्या तोंडून लोकांस्नी लई आवडतंय."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. काकूसुद्धा, आशेने. मला फक्त 'काका' अशी हाक मारायची होती. मी तोंड उघडलं, तर आत पेटीचाच सूर होता. मी ओठ मिटून घेतले. मला माझ्या तोंडाची किळस आली.

पुरुषांनी तिरडी उचलली. आत्याने पदराचा बोळा दातांत धरला होता. तिचं सगळं अंग हलत होतं, पण आवाज नव्हता. सख्ख्या भावाला ती हाक न मारता पाठवत होती, आणि तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला.

काकू फाटकापर्यंत जाऊन परत आली आणि माझ्याशेजारी बसली. तिचे डोळे अजून कोरडेच होते.

"हर्षाली," ती हळूच म्हणाली, "आबांचं म्हणलीस, तसं ह्यांचं तरी तुला येतंय का गं म्हणायला?"