लानवेनने कुणाला मत दिलं

कराडची शरयू ओहायोतल्या एका विद्यापीठात पाच वर्षं डॉक्टरेट करत होती, आणि एवढ्या काळात ती एक गोष्ट पक्की शिकली होती. मराठी मंडळींत आपला विषय सांगायचा नाही. नवऱ्याकडे जर्सी सिटीला गेली की जवळच आयसेलिनमध्ये कुणाच्या तरी घरी पॉटलक असायचं, प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा, आणि तिथे एखाद्या काकू विचारायच्याच, "कशात पीएचडी करतेस गं?"

"कार्डिगनच्या निवडणुका."

काकू जरा वेळ विचार करायच्या. "कार्डिगन म्हणजे ते पुढून बटणांचं स्वेटर ना?"

मग शरयू सांगायची की हा वेल्समधला समुद्रकाठचा जिल्हा आहे. ब्रिटिश पार्लमेंटचा फार जुना मतदारसंघ. गेल्या वर्षी, म्हणजे त्र्याऐंशी साली, सीमा नव्याने आखल्या आणि त्या नावाचा मतदारसंघच उरला नाही.

"अगंबाई, आता नाहीच? मग त्याचा अभ्यास कशाला?"

यावर ती हसून पुलाव वाढून घ्यायची. खरं कारण सांगायला गेलं तर लांबण लागली असती. अठ्ठ्याहत्तर साली काँग्रेस फुटली तेव्हा तिचे वडील एका काँग्रेसमध्ये राहिले आणि काका दुसरीत. प्रचाराच्या दोन जीपा एकाच अंगणातून निघायच्या. निकाल लागला आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. पुढच्या वर्षी शरयू अमेरिकेत आली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून तिने पहिल्यांदा १९२१ सालच्या कार्डिगनच्या पोटनिवडणुकीबद्दल वाचलं. लिबरल पक्षाचे दोन तट पडलेले, दोघांचे उमेदवार एकमेकांसमोर उभे. एक पंतप्रधानांच्या आघाडीचा, दुसरा त्याच पंतप्रधानांवर उखडलेला. घराघरांत, प्रत्येक चर्चमध्ये भांडणं. वाचता वाचता तिला ही माणसं ओळखीची वाटायला लागली.

प्रबंध जवळजवळ झाला होता. पण तिचे मार्गदर्शक प्राध्यापक केलर अडून बसले. "आकडे चोख आहेत," ते म्हणाले, "पण तिसऱ्या प्रकरणात माणूसच नाही. एकवीसचं मतदान केलेलं कुणी जिवंत असेल तर शोधा. नसेल तर ते प्रकरण नव्याने लिहा."

ते प्रकरण तिने आधीच तीनदा लिहिलं होतं. आणि मग तिला कळलं, की ज्यांच्या शोधात ती होती ती माणसं तिच्याच राज्यात होती. ओहायोच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत शेदीडशे वर्षांपासून कार्डिगनची कुटुंबं येऊन वसलेली. तिथल्या वेल्श चर्चचा कारभार पाहणाऱ्या मिसेस हॅरिस फोनवर फार गोड बोलल्या. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सगळे जमून स्तोत्रं गातात, त्यानंतर तुम्हीच भाषण द्या, म्हणाल्या. "आणि एकवीस साली मतदान केलेले दोघे आहेत आमच्याकडे. थॉमस आणि इव्हान जेंकिन्स. सख्खे भाऊ. त्या निवडणुकीनंतर इकडे आले आणि दोघांनीही इथल्या विटांच्या कारखान्यात जन्म काढला. फक्त भेटायचं वेगवेगळं हं."

"का?"

"एकमेकांशी बोलत नाहीत. चर्चमध्येसुद्धा एक या बाजूला बसतो, एक त्या. बायका होत्या तोवर त्या निरोप न्यायच्या. आता त्याही गेल्या. कशावरून बिनसलं ते त्यांच्या मुलांनाही माहीत नाही. काही जमिनीचं असावं."

तिचा नवरा त्र्यंबक मुद्दाम आदल्या दिवशी जर्सीहून आला आणि त्या रविवारी तिला घेऊन निघाला. ड्राइव्ह करता करता तिच्याकडे बघून म्हणाला, "यार शरयू, इतकी काय टेन्शनमध्ये? पंधरा-वीस म्हातारे असतील. झोपतील निम्मे."

"झोपू देत. ते दोघं जागे राहिले म्हणजे झालं."

पण चर्च भरलेलं होतं. गाणं सुरू झालं तशी शरयू भान हरपून ऐकत राहिली. साध्या कपड्यांतली, राठ हातांची माणसं, आणि चार चार सुरांत असं गात होती की बाक थरथरत होते. पुढच्या रांगेत डावीकडे एक उंच, वाकलेला म्हातारा होता आणि उजवीकडे त्याच्याच चेहऱ्याचा दुसरा, जरा बुटका. कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

भाषणाची सुरुवात छान झाली. १८८६ साली कार्डिगनची जागा अवघ्या नऊ मतांनी गेली, हे तिने सांगितलं तेव्हा सगळे हसले. बायकांना मताचा हक्क मिळाला त्या १९१८च्या निवडणुकीत तिथे विरोधी उमेदवारच नव्हता, त्यामुळे तिथल्या बायकांनी पार्लमेंटसाठी पहिलं मत दिलं ते एकवीस साली, हे ऐकून दोन-तीन आज्ज्यांनी टाळ्या वाजवल्या. शरयूला धीर आला. मग ती त्या पोटनिवडणुकीकडे वळली. आघाडीचा उमेदवार साडेतीन हजारांहून जास्त मतांनी निवडून आला, ती म्हणाली, पण गावोगाव मनं फाटली.

"एका वार्ताहराने लिहून ठेवलंय, की लानवेन नावाच्या लहानशा गावात निकालानंतर चर्चच्या पायरीवर दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले. गावाने मतं कुणाला दिली यावरून. त्यांची नावं मात्र त्याने दिलेली नाहीत."

उजवीकडचा म्हातारा उठला. काठी टेकत मधल्या वाटेने चालत गेला आणि दाराबाहेर पडला. दार लागल्याचा आवाज झाला, तसा डावीकडचाही उठला आणि त्याच वाटेने निघून गेला. मिसेस हॅरिसनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

शरयूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण उशिरा. पुढचं भाषण तिने कसं संपवलं, तिला आठवत नाही. टाळ्या पडल्या, त्याही चुटपुटत्या. ती सरळ मागच्या स्वयंपाकघरात गेली आणि सिंकला टेकून उभी राहिली. त्र्यंबक तिच्यामागून आला. एक फडकं उचलून तो उगाचच कप पुसायला लागला.

"मी काय केलं रे हे?" ती म्हणाली. "सगळ्या गावासमोर त्यांचं भांडण वाचून दाखवलं. आता इंटरव्ह्यू गेला, तिसरं प्रकरण गेलं. पण ते जाऊ दे. म्हाताऱ्या माणसांना मी असं उघडं पाडलं."

"तुला कुठे माहीत होतं?"

"माहीत करून घ्यायला नको होतं?"

पुसलेलाच कप त्र्यंबकने पुन्हा पुसला. तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आले. दोन माणसं वेल्शमध्ये कडाकडा भांडत होती. मिसेस हॅरिस धावत आत आल्या, खिडकीपाशी गेल्या आणि तिथेच थबकल्या.

"काय चाललंय?" शरयूने घाबरून विचारलं.

"बोलतायत," त्या कुजबुजल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "अहो, एकमेकांशी बोलतायत ते!"

"काय बोलतायत पण?"

"इव्हान म्हणतोय, तू तेव्हाही खोटारडा होतास आणि आजही आहेस. थॉमस म्हणतोय, खोटारडा तू, लानवेन आमच्याबरोबर होतं. आता इव्हान म्हणतोय... नको, ते नाही सांगत मी."

मागचं दार उघडलं आणि दोघे एकामागून एक आत आले, लालबुंद झालेले. काठीवाला बुटका म्हणजे थॉमस. त्याने काठी शरयूकडे रोखली.

"मुली, तू शिकलेली आहेस. हे सगळं वाचलंयस. आज याला सांगूनच टाक. लानवेनने कुणाला मत दिलं?"

"हो, सांगच," इव्हान म्हणाला. "मी दारोदार फिरलो होतो. सबंध गाव आमच्या बाजूने होतं. आणि निकालाच्या दिवशी हा पायरीवर उभा राहून सांगतो, गाव आमचं होतं म्हणून! मी खोटारडा म्हटलं याला, वडिलांदेखत. वडील म्हणाले, माफी माग. मी का मागू?"

"तू गावादेखत म्हणालास!" थॉमस ओरडला.

दोघेही तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यांवरून शरयूला समजलं, की जे काही ती सांगेल त्यावर आज एकजण कायमचा जिंकणार आणि एकजण हरणार, असंच ते धरून चाललेत. आणि मग तिला उत्तर सुचलं. इतकं साधं, की तिला आधी स्वतःचाच भरवसा वाटेना.

"ते कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तिकडचा कायदाच तसा होता. मोजणीपूर्वी सगळ्या गावांच्या पेट्यांतली मतं एकत्र मिसळायची. मग सबंध जिल्ह्याची मिळून मोजायची. एकेका गावाची मतं कधी मोजलीच गेली नाहीत. लानवेनने कुणाला मत दिलं ते तुम्हाला कळणं शक्य नव्हतं, यांनाही नव्हतं. मला नाही, आणि पुढेही कुणाला कळणार नाही. तुम्ही दोघांनी अंदाज केला. खोटं कुणीच बोललं नाही."

थॉमसने काठी हळूहळू खाली आणली. इव्हानने खुर्ची ओढली आणि धपकन बसला.

"मिसळायची?" तो म्हणाला.

"सगळी."

"मग वडिलांनी का नाही सांगितलं आम्हाला?"

"त्यांना तरी काय ठाऊक," थॉमस म्हणाला. त्याने भावाकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. शरयूला वाटलं, रडतोय की काय. पण तो हसत होता. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसत होता. "इव्हान, अरे गाढवा, आपण दोघंही गाढव!"

"तू मोठा. तू जास्त," इव्हान म्हणाला, आणि त्यालाही हसू आवरेना. डोळे पुसायला त्याने हात पुढे केला तेव्हा त्र्यंबकने आपल्या हातातलं फडकंच त्याला दिलं.

मिसेस हॅरिसनी चहा ओतला, तिच्यापुढे केक सरकवला, आणि शरयूच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही. तिने एकामागून एक तीन तुकडे खाल्ले.

"तुला आमच्याशी बोलायचं होतं ना?" थॉमसने विचारलं. "काढ तुझं मशीन."

"आधी कोण बोलणार?"

"मी," दोघेही एकदम म्हणाले.

टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला. कॅसेट फिरायला लागली. त्या पावसाळी फेब्रुवारीबद्दल, चिखलात रुतलेल्या घोडागाडीबद्दल, मत द्यायला नव्या टोपीत निघालेल्या आईबद्दल दोघे एकमेकांना तोडत, दुरुस्त करत बोलत राहिले. त्यातलं निम्मं वेल्शमध्ये होतं, पण शरयूने त्यांना थांबवलं नाही. मिसेस हॅरिस मागाहून सांगणार होत्याच. दाराशी माणसं जमली होती. थॉमसची नात तिथे भिंतीला टेकून, हात छातीशी धरून ऐकत होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा इव्हानला न्यायला त्याचा मुलगा आला. इव्हानने त्याला हातानेच परत जायची खूण केली. "मी थॉमसच्या गाडीतून जातो," तो म्हणाला. "तशी त्याची नजर आता काही धड नाही. वाट मलाच दाखवावी लागेल."

"वाट मला ठाऊक आहे," थॉमस म्हणाला. "तुझं घर माझ्या घरापासून चार शेतांवर आहे."

गाडी सुरू झाली, थोडी मागे गेली, कुंपणाला घासता घासता वाचली आणि रस्त्याला लागली. काच खाली होती, त्यामुळे वळणापर्यंत दोघांचं बोलणं ऐकू येत राहिलं. परतीच्या वाटेवर त्र्यंबकने काहीतरी विचारलं, पण शरयूला डुलकी लागली होती. त्याने रेडिओ बंद केला आणि गाडी जरा सावकाश चालवायला लागला.