बिनशिक्क्याचा लेख

मित्रांनो, माझ्या तोंडावर जन्मापासून दोनच शब्द आहेत, तेही उलटे कोरलेले: ‘साभार परत’. मी एक जुना रबरी शिक्का. एका संशोधन पत्रिकेच्या कचेरीत माझं आयुष्य गेलं.

तिथली रीत अशी. लेख आला की कचेरीतल्या ताई लेखकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायच्या. नाव संपादकांनाही कळू द्यायचं नाही, म्हणजे ओळखीपाळखीवर काही ठरत नाही. मग संपादक लेख चाळायचे. विषयाबाहेरचा असला, तर लगेच माझी पाळी. बाकीचे ते स्वतः पाकिटात घालून दोन जाणकारांकडे धाडायचे. कुणाकडे, ते ताईंनाही सांगायचे नाहीत. मतं आली की ठरायचं: छापायचा, दुरुस्तीला पाठवायचा, की मला उचलायचं. बहुतेक वेळा मलाच. शेजारचा ‘स्वीकृत’ कोरा करकरीत होता, मी मात्र झिजून पार दमलो होतो.

एकदा रानातल्या मधमाश्यांवरचा लेख आला. पहिल्या जाणकारानं लिहिलं, छापा. दुसऱ्या जाणकार बाईंकडून कित्येक महिने चकार शब्द नाही.

“एका मतावर छापता येत नाही, ताई. परत करून टाकू.” संपादकांनी मला शाईत दाबलं.

“अहो सर, एक फोन तरी करा. कुणीतरी जीव ओतून लिहिलंय.”

त्यांनी कुरकुरत फोन लावला. “मॅडम, मधमाश्यांच्या लेखावर तुमचं मत राहिलंय.”

“माझ्याच लेखावर माझं मत?” पलीकडचा आवाज टेबलापर्यंत आला. “पाकिटातून माझाच लेख निघाला. मला वाटलं, परत केलात; सोबतची चिठ्ठी उघडलीही नाही. वर शिक्कासुद्धा नाही! तेवढ्याही लायकीचा नसेल म्हटलं, आणि दिला कपाटात कोंबून. मधमाश्यांकडे पुन्हा फिरकले नाही मी.”

संपादकांनी मला बाजूला ठेवलं. मधमाश्यांचं सगळ्यात जास्त कळतं म्हणून त्यांनी नेमकं तिलाच निवडलं होतं.

“हसू की रडू, सर?” ताई म्हणाल्या.

“आधी तो शिक्का पुसा.”

लेख दुसऱ्याच जाणकाराकडे गेला. त्यानं दुरुस्त्या काढल्या, मॅडमनी पुन्हा रानात जाऊन त्या केल्या, आणि लेख छापून आला.

आता सगळं संगणकावर चालतं. मी खणात पडून आहे, तोंडावर शाई वाळलेली. मित्रांनो, आयुष्यभर लोकांनी मला नावं ठेवली, पण ती बाई मी नव्हतो म्हणून दुखावली होती. कुणी आपलं लिहिलेलं तुमच्या हाती दिलं, तर हो म्हणा, नाही म्हणा, का ते सांगा; गप्प तेवढं बसू नका. आणि कधी हा खण उघडलात, तर ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसा. नाही म्हणतानाही अक्षर स्वच्छ उमटावं, एवढीच या दमलेल्या म्हाताऱ्याची इच्छा.